अंगणातला वाहता हौद : स्विम स्पा आणि त्याचा विजेचा हिशेब

स्विम स्पा म्हणजे जागच्या जागी पोहता येईल असा वाहत्या पाण्याचा हौद. लांबी चार ते सहा मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, खोली छातीपर्यंत. एका टोकाचा पंप पाण्याचा जोरदार झोत सोडतो. पोहणारा त्याविरुद्ध हात मारत राहतो आणि भिंत कधी येतच नाही. पायऱ्या आणि बाकांची जागा सोडून त्यात पाच ते आठ हजार लिटर पाणी मावते. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावाला साडेचार लाख लिटरहून अधिक पाणी लागते.

वसई तालुक्यातल्या निर्मळ-सोपारा पट्ट्यात पोहणे ही नवी हौस नव्हे. इथल्या वाड्यांमध्ये बावखले असत. पावसाचे गोडे पाणी साठवणारी ही खोदीव तळी केळी, पानवेली आणि भाजीपाल्याला पाणी पुरवत, जमिनीत पाझरून आसपासच्या विहिरी गोड ठेवत, आणि पोरे त्यांतच पोहायला शिकत. वस्ती वाढली तशी अनेक बावखले बुजवली गेली. पाणीसाठा गेला, तशी पोहण्याची जागाही गेली. स्विम स्पा यातली पहिली उणीव भरून काढू शकत नाही. दुसरी मात्र काही प्रमाणात काढतो.

त्याचा खरा उपयोग गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांना. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचे जवळपास निम्मेच वजन येते, छातीएवढ्या पाण्यात तर साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे जमिनीवर चालताना कळ येणाऱ्या माणसालाही पाण्यात झोताविरुद्ध चालता येते, आणि पाण्याच्या विरोधामुळे स्नायूंना व्यायाम मिळतो. झोताचा वेग कमीजास्त करता येत असल्याने एकाच हौदात आजी चालू शकते आणि नातू पोहू शकतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी गरम पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवे.

विजेचा हिशेब तापमानापासून सुरू होतो. सहा हजार लिटर पाणी एक अंश तापवायला सुमारे सात युनिट लागतात. व्यायामाच्या पोहण्याला २६ ते २८ अंश पुरतात, आणि वसईच्या किनाऱ्यावर हवेचे वर्षभराचे सरासरी तापमानच २७ अंशांच्या घरात आहे. म्हणजे वर्षाचा बराचसा काळ हीटर बंद ठेवता येतो. जानेवारीत २४ अंशांवर आलेले पाणी २८ वर न्यायला साध्या हीटरला २८ युनिट लागतील. तेच पाणी ३८ अंशांवर नेऊन शेकत बसायचे म्हटले, तर जवळपास शंभर. थंड देशांतल्या जाहिरातींमधला वाफाळता हौद इथे गरजेचा नाही. शेक हवा असणाऱ्यांसाठी तानसाकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची कुंडे आहेत. तिथे पाणी जमिनीच्या पोटातूनच तापून येते.

पाणी तापवायचेच असेल तर हीट पंप घ्यावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून एका युनिटात चार-पाच युनिटांचे काम होते. कोकणची उबदार, दमट हवा त्याला मानवते. खारा वारा मात्र त्याच्या नळ्या आणि पत्रे खातो, तेव्हा गंजरोधक लेप असलेलाच निवडावा.

सर्वांत जास्त बचत सर्वांत साध्या वस्तूने होते, ती म्हणजे झाकण. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिटाइतकी उष्णता निघून जाते. उघड्या हौदातून दिवसाला तीस लिटर उडाले, तर तापमान टिकवायला वीसेक युनिट उष्णता परत घालावी लागते. जाड, घट्ट बसणारे झाकण हा तोटा बहुतांशी थांबवते आणि पाणीही वाचवते. टँकर मागवणाऱ्या घरात हा दुसरा फायदा मोठा.

पंपाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. झोत सोडणारा तीन अश्वशक्तीचा पंप अर्धा तास चालला तर एक युनिटाहून थोडे अधिक लागते. ते फार नाही. वीज खातो तो तासन्‌तास चालणारा गाळणीचा पंप. त्याचा वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती सुमारे एकअष्टमांश होते. म्हणून वेग बदलता येणारा पंप हळू, पण जास्त वेळ चालवणे किफायतशीर. महावितरणचे दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, हे विसरू नये. हा भार हलका करायचा तर छतावरचा एक किलोवॉटचा सौर संच दिवसाला साधारण चार युनिट देतो.

हौद गच्चीवर मात्र ठेवू नये. भरलेल्या स्विम स्पाचा भार चौरस मीटरला सातशे किलोंच्या घरात जातो. घरांच्या गच्च्या साधारण दीडशे किलोंच्या हिशेबाने बांधतात. जमिनीवर, सळया घातलेल्या काँक्रीटच्या भक्कम ओट्यावरच तो बसवावा.

कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून क्लोरीन आणि आम्लता वरचेवर तपासावी लागते. काही महिन्यांनी पाणी बदलताना क्लोरीन घालणे थांबवून ते काही दिवस उन्हात उघडे ठेवले आणि तपासून पाहिले, तर झाडांना घालता येते. मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रणा असेल तर ते पाणी वाडीत किंवा बावखलात सोडू नये. किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारटपणाचा धोका आधीच आहे.