सिक्स पॅक असतात सगळ्यांनाच. मग दिसत का नाहीत?

लग्नसराई जवळ आली किंवा नवे वर्ष सुरू झाले, की आमच्या बाह्यरुग्ण विभागात काही वेगळेच 'रुग्ण' येऊ लागतात. वय अठरा ते तीस, आजार कोणताही नाही, रक्तदाब उत्तम. तक्रार मात्र ठरलेली : 'डॉक्टर, जिम लावून सहा महिने झाले, रोज शंभर-दीडशे क्रंचेस मारतो, तरी सिक्स पॅक दिसत नाहीत. माझ्यात काही कमी आहे का?' एखादा मोबाइलमध्ये पावडरच्या डब्याचा फोटो दाखवतो आणि 'हे सुरू करू का?' असे विचारतो. एखाद्याने ते आधीच सुरू केलेले असते.

२००७ साली 'ओम शांती ओम'मध्ये शाहरुख खानचे आणि त्याच्या पुढच्याच वर्षी 'गजनी'मध्ये आमिर खानचे पोट पडद्यावर झळकले आणि 'सिक्स पॅक' हा शब्द गल्लीबोळातल्या जिमपर्यंत पोहोचला. पीळदार शरीराची हौस त्याच्या कितीतरी आधीची आहे. युजीन सँडो हा बलोपासक १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेला होता. त्याचे नाव आपल्याकडे आजही बिनबाह्यांच्या बनियनला चिकटलेले आहे. तेव्हा हौस जुनीच आहे. घाई मात्र नवी आहे, आणि त्या घाईतून होणारे आजारही नवे आहेत. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

पोटावर नेमके असते काय?

बरगड्यांच्या खालच्या टोकापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे, पट्ट्यासारखे स्नायू जातात. त्यांचे वैद्यकीय नाव रेक्टस ॲब्डॉमिनिस. दोघांच्या मधोमध तंतूंची एक उभी पांढरी रेषा असते आणि प्रत्येक पट्ट्याला साधारण तीन ठिकाणी आडव्या तंतुमय पट्ट्यांनी बांधलेले असते. दोर आवळून बांधलेल्या गादीला जसे फुगवटे येतात, तसे या स्नायूचे कप्पे होतात. तेच 'पॅक'. ते तुम्हाला आहेत, मला आहेत, पोट सुटलेल्या शेजाऱ्यांनाही आहेत.

या आडव्या पट्ट्या किती असाव्यात आणि डाव्या-उजव्या बाजूला समोरासमोर असाव्यात की थोड्या वरखाली, हे जन्मतः ठरते. त्यामुळे कोणाला चार कप्पे दिसतात, कोणाला सहा, क्वचित कोणाला आठ. कोणाचे एका रेषेत असतात, कोणाचे तिरपे. कोणताही व्यायाम ही मांडणी बदलू शकत नाही. व्यायामाने स्नायू जाड होतो आणि कप्पे उठावदार होतात, एवढेच.

ते दिसत नाहीत याचे कारण त्यांच्यावर असलेला चरबीचा थर. ढोबळमानाने पुरुषांमध्ये शरीरातील चरबीचे प्रमाण दहा-बारा टक्क्यांपर्यंत उतरले, की पोटाचे कप्पे स्पष्ट दिसू लागतात. स्त्रियांमध्ये हा आकडा अठरा-वीस टक्क्यांच्या आसपास असतो. माणसागणिक यात थोडा फरक पडतो, कारण चरबी आधी कुठे साठते आणि कुठून शेवटी जाते हे प्रत्येकाचे वेगळे असते. बहुतेक पुरुषांमध्ये ती सर्वात शेवटी जाते ती नेमकी बेंबीच्या खालूनच!

क्रंचेसने पोट का उतरत नाही?

ज्या भागाचा व्यायाम करू, त्याच भागाची चरबी वितळते, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. १९७१ साली अमेरिकेतील संशोधकांनी यासाठी टेनिसपटूंचे हात तपासले. टेनिस खेळणाऱ्याचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या कितीतरी पट राबतो. राबणाऱ्या हाताचा घेर जास्त भरला, पण त्वचेखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. २०११ साली दुसऱ्या एका अभ्यासात काही जणांना सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम दिले. पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, चरबी होती तेवढीच राहिली.

कारण सोपे आहे. चरबी वापरायची झाली, की शरीर ती सगळीकडच्या साठ्यातून रक्तात सोडते. कोणत्या साठ्यातून किती, हे संप्रेरके आणि अनुवंश ठरवतात, तुमची इच्छा ठरवत नाही. शिवाय शंभर क्रंचेसना खर्च होणाऱ्या कॅलरी जेमतेम तीस-चाळीस. एका वडापावात त्याच्या सात-आठपट तरी असतात.

थोडा हिशेब मांडू

समजा, एका तरुणाचे वजन ७० किलो आहे आणि त्यात २२ टक्के चरबी आहे. म्हणजे चरबी झाली १५.४ किलो आणि बाकीचे शरीर ५४.६ किलो. हे बाकीचे शरीर जसेच्या तसे राखून चरबी १२ टक्क्यांवर आणायची, तर वजन ६२ किलोवर यायला हवे. म्हणजे आठ किलो निव्वळ चरबी जायला हवी. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली, तर या हिशेबाने सव्वाशे दिवस लागतात. प्रत्यक्षात वजन घटते तशी शरीराची गरजही घटते, मध्ये सणवार येतात, आजारपण येते. म्हणून पाच ते सहा महिने धरावेत. 'एकवीस दिवसांत सिक्स पॅक' अशी जाहिरात दिसली, तर हा हिशेब आठवावा.

घाईने उपाशी राहिल्यास वजन झपाट्याने उतरते, पण त्यात पाणी आणि स्नायूही जातात. मग माणूस बारीक होतो आणि पोट मात्र तसेच राहते.

'माझी बॉडी टाइपच तशी आहे'

जिममध्ये एक्टोमॉर्फ, मेसोमॉर्फ आणि एंडोमॉर्फ हे तीन शब्द हमखास ऐकू येतात. किडकिडीत, पीळदार आणि गोलमटोल अशी ही विभागणी. ती केली विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, १९४० साली, सुमारे चार हजार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांवरून. शरीराच्या ठेवणीवरून माणसाचा स्वभाव सांगता येतो, असा त्याचा दावा होता. तो दावा पुढे टिकला नाही. क्रीडाविज्ञानात या तीन घटकांची सुधारित मोजणी आजही वापरतात, पण ती तुमच्या शरीराचे आजचे वर्णन असते, जन्मपत्रिका नव्हे. आहार आणि व्यायाम बदलला की तीच मोजणी बदलते.

अनुवंशाचा वाटा मात्र खरा आहे. हाडांची रुंदी, स्नायू हाडाला कुठे जोडलेला आहे, व्यायामाला तो किती प्रतिसाद देतो, चरबी कुठे साठते, या गोष्टी आपण आईवडिलांकडून घेऊन येतो. एकाच जिममध्ये एकच व्यायाम करणाऱ्या दोन मित्रांना सारखे फळ मिळत नाही, ते यामुळे.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा : २२.३. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीय शरीराची ठेवण त्या फोटोने जगापुढे आणली.

याचा अर्थ असा, की परदेशी मॉडेलचा आहारतक्ता उचलून त्याचे शरीर आपल्याला मिळेल असे नाही. आपल्या बहुतेक तरुणांना नुसते वजन उतरवून भागत नाही, आधी स्नायू कमवावे लागतात.

ताटात काय असावे?

स्नायू राखायचे तर प्रथिने हवीत. सर्वसाधारण निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे भारतीय शिफारशी सांगतात. नियमित वजने उचलणाऱ्याला किलोमागे १.४ ते १.६ ग्रॅम लागू शकतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम.

हे घरच्या जेवणात बसते का? मांडून पाहू. तीन अंडी १८ ग्रॅम, दोन वाट्या मटकी किंवा मुगाची घट्ट उसळ १५, दूध-दही मिळून अर्धा लिटर १६, पाच पोळ्या किंवा भाकरी १५, मूठभर शेंगदाणे ७. हे झाले ७१. त्यात १०० ते १२५ ग्रॅम शिजवलेले चिकन किंवा मासे धरले, की शंभरचा आकडा गाठता येतो. शाकाहारी माणसाने पनीर किंवा सोयाबीनच्या वड्यांची जोड द्यावी. वरण पातळ आणि भात भरपूर, अशा ताटात मात्र हे गणित जमत नाही. पावडर हे अन्नच आहे, जादू नाही. ताटातून प्रथिने पुरत नसतील तर घ्यावी, पण पक्के बिल आणि सीलबंद डबा पाहून. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

कॅलरींची तूट काढायची ती साखर, तळण, शीतपेये, बेकरीचे पदार्थ आणि दारू यांतून. पोळीभाजी बंद करून नव्हे.

व्यायामात दंड, बैठका, पुल-अप्स, डेडलिफ्ट असे मोठ्या स्नायूंना कामाला लावणारे प्रकार आठवड्यातून तीन-चार दिवस करावेत. वजन किंवा आवर्तने हळूहळू वाढवावीत. पोटाचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा पुरेत. बाकीच्या दिवशी भरभर चालणे किंवा सायकल. बाळंतपणानंतर काही स्त्रियांमध्ये पोटाचे दोन उभे पट्टे एकमेकांपासून दूर गेलेले असतात. त्यांनी आधी तपासून घ्यावे, थेट क्रंचेस सुरू करू नयेत.

झोपेकडे तर कोणी लक्षच देत नाही. शिकागो विद्यापीठातील २०१० च्या एका छोट्या अभ्यासात, कॅलरी कमी केलेला सारखाच आहार देऊन लोकांना काही दिवस साडेआठ तास आणि काही दिवस साडेपाच तास झोपायची संधी दिली. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच उतरले. पण कमी झोपेच्या काळात निम्म्याहून कमी चरबी गेली आणि स्नायूंची झीज वाढली. रात्री दोनपर्यंत मोबाइल पाहून पहाटे पाचला जिम गाठणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इंजेक्शनचा आडमार्ग

आता सर्वात महत्त्वाचे. सहा महिने थांबायची तयारी नसते, तेव्हा कोणीतरी 'कोर्स' सुचवतो. बहुतेक वेळा ही टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन किंवा स्टॅनोझोलॉल यांसारखी स्टिरॉइड्स असतात. बाहेरून पुरुषी संप्रेरक मिळू लागले, की मेंदू वृषणांना काम थांबवायचा निरोप धाडतो. वृषणे आकसतात, शुक्रजंतू कमी होतात, कधी शून्यावर येतात. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासायला आलेला भरदार शरीराचा तरुण हे चित्र आता आम्हा डॉक्टरांना नवीन राहिलेले नाही. औषध थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्रजंतू परत येतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ जातो. याखेरीज छातीत गाठी येतात, यकृताला सूज येते, चांगले कोलेस्टेरॉल घसरते, हृदयाचा स्नायू जाड होतो.

काही ठिकाणी व्यायामाआधी 'ताकद' यावी म्हणून मेफेंटरमाइनचे इंजेक्शन घेतले जाते. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठीचे हे औषध. ते निरोगी माणसाने घेतले तर रक्तदाब आणि हृदयाची गती धोकादायकरीत्या वाढू शकते. त्याचे व्यसनही लागते.

स्पर्धेपूर्वी पाणी तोडणे आणि लघवी वाढवणारी औषधे घेणे हा प्रकार तर थेट जिवावर बेततो. अत्यंत रेखीव शरीरासाठी प्रसिद्ध असलेला ऑस्ट्रियाचा शरीरसौष्ठवपटू आंद्रेयास म्युंझर १९९६ साली वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी दगावला. त्याच्या शरीरातील एकेक अवयव निकामी होत गेला होता. पडद्यावर किंवा पोस्टरवर दिसणारे असे पोट अनेकदा त्या दिवसापुरते, त्या प्रकाशयोजनेपुरते घडवलेले असते. तसे वर्षभर राहण्याचा प्रयत्न करणाऱ्या पुरुषांमध्ये थकवा, चिडचिड आणि कामेच्छा कमी होणे दिसते. स्त्रियांची पाळी बंद होऊ शकते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात.

मग ध्येय काय ठेवावे?

कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाच्या पोटावर अनेकदा एकही कप्पा दिसत नाही, पण त्याच्याशी झोंबायची हिंमत कोण करेल? ताकद आणि रेखीवपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आरोग्य ही तिसरी.

आरोग्यासाठी जिममधल्या आरशापेक्षा शिंप्याची टेप जास्त उपयोगी आहे. पोट आत न ओढता, श्वास सोडून कंबर मोजा. भारतीय पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या आत असावी. त्यापलीकडे गेलेली कंबर म्हणजे आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी, आणि मधुमेह व हृदयविकार येतात ते त्याच वाटेने. ही आतली चरबी आहार-व्यायामाला त्वचेखालच्या चरबीपेक्षा लवकर दाद देते. म्हणजे कप्पे दिसायच्या कितीतरी आधी तुमचे शरीर सुधारलेले असते.

तेव्हा ज्यांना हौस आहे, त्यांनी सहा महिन्यांचा हिशेब मांडून, घरचे जेवण आणि पुरेशी झोप घेऊन जरूर प्रयत्न करावा. कप्पे चार दिसले काय आणि सहा दिसले काय, ते आईवडिलांनी दिलेले आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला कंबर मोजून ती वहीत लिहून ठेवा. आणि जिममध्ये कोणी सुई पुढे केली, तर ती जिम त्याच दिवशी सोडा.