शीळफाट्यावरचा उपमा

कल्याणचा रस्ता मुंब्रा-पनवेल रस्त्यास जेथें मिळतो, त्या शीळफाट्यावर गेल्या महिन्यांत गाडीची वाट पाहात आम्हांस बराच वेळ तिष्ठावें लागलें. म्हणून जवळच्या उपाहारगृहांत शिरलों. समोरच्या बांकावरील तरुणानें खावयास काय आहे तें विचारलें, आणि उत्तर ऐकून तोंड वांकडें केलें. “उपमाच का?” त्याला दोष कसा द्यावा? आमच्या घरींहि दुसरें कांहीं न सुचल्यास सांजाच होतो. (हा शब्द ‘उपमा’ अलंकाराचा नव्हे; ‘उप्पु’ म्हणजे मीठ, या दक्षिणेकडील शब्दाशीं त्याचें नातें आहे. कानडी ‘उप्पिट्टु’ तर सरळसरळ मीठ-पीठच.)

त्या तरुणास फ्लॉइड कार्डोज यांची हकीकत सांगावी, असें फार मनांत आलें.

कार्डोज यांचें घराणें गोव्याचें, जन्म १९६० सालीं मुंबईंत. शिक्षण घेतलें जीवरसायनशास्त्राचें. पण मन रमलें चुलीपाशीं. मग पाकशास्त्राचे रीतसर धडे मुंबईंत व पुढें स्वित्झर्लंडांत गिरवून त्यांनीं न्यूयॉर्क गांठलें. तेथें ‘लेस्पिनास’ या नामांकित फ्रेंच उपाहारगृहांत ग्रे कुन्झ हे त्यांना गुरु लाभले. कुन्झ जातीचे स्विस, पण जन्मले सिंगापुरांत. पौर्वात्य मसाल्यांचा मान राखणारे. शिष्यानें तोच धागा पुढें नेला. १९९८ सालीं निघालेल्या ‘तब्ला’ उपाहारगृहांत भाज्या व मासळी तिकडची, शिजविण्याची रीत पाश्चात्य आणि मसाला आपला, असा त्यांचा बेत असे. मसाला म्हणजे केवळ तिखटजाळ नव्हे, हें त्यांनीं तिकडील लोकांस जिभेच्या द्वारें पटविलें. बारा वर्षें चालून तें २०१० च्या अखेरीस बंद झालें.

पुढच्याच वर्षीं दूरचित्रवाणीवरील ‘टॉप शेफ मास्टर्स’ या बल्लवाचार्यांच्या स्पर्धेंत ते अंतिम फेरींत पोंचले. परीक्षकांपुढें त्यांनीं जे पदार्थ मांडले त्यांत एक होता उपमा! रानअळंबी, नारळाचें दूध व कोकम घालून केलेला. इटालियन लोकांच्या मक्याच्या पिठल्याचें नांव त्यास जोडलें होतें खरें, परंतु ‘उपमा’ हें नांव झांकून ठेविलें नाहीं. स्पर्धा त्यांनीं जिंकली, आणि बक्षिसाची रक्कम कर्करोगाच्या संशोधनास दिली.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या लहानपणीं ख्रिस्ती माणसाच्या हातचें पाणीहि आमच्या घरीं चालत नसे. आणि ज्या पदार्थास आम्हीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत बसविलें, त्यास अमेरिकेंत पाट मांडला तो एका ख्रिस्ती गृहस्थानें! २०१५ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारांत ‘बॉम्बे कँटीन’ उघडलें. तेथेंहि आपल्याच मातींतल्या, त्या त्या ऋतूंतल्या जिनसांवर त्यांचा भर असे. २०२० च्या मार्चांत मुंबईहून अमेरिकेस परतल्यावर थोड्याच दिवसांत, २५ तारखेस, करोनानें त्यांना नेलें. वय अवघें एकोणसाठ.

तेवढ्यांत आमची गाडी आली, व तरुणास सांगावयाचें राहून गेलें. घरीं मात्र सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं उपम्यांत कोकम घातलें. नातवानें दोनदां मागून घेतला. आमच्या सौभाग्यवतींचा निकाल मात्र असा कीं, लिंबूच बरें.