आघातग्रस्त मनाची शुश्रूषा

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाची वसाहत आहे. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या शेतवस्तीसाठी ती वसविण्यात आली. आज तेथे संगणक-उद्योगाच्या इमारती उभ्या असून निरनिराळ्या प्रांतांतून आलेले अभियंते, पहारेकरी व बांधकाम-मजूर राहतात. अशा ठिकाणी मुलाकडे राहावयास आलेल्या, केवळ मराठी जाणणाऱ्या एखाद्या वृद्धेचे मन ढासळले, तर तिने आपले दुःख कोणास व कोणत्या भाषेत सांगावे? त्यातून तिला ऐकूही कमी येत असेल तर? मनोविकाराच्या उपचारात हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा आहे.

आघाताचे स्वरूप

आग, अपघात, मारहाण अशा प्रसंगी शरीर आपोआप बचावाच्या तयारीस लागते. अ‍ॅड्रेनलिन हा स्राव रक्तात मिसळतो, हृदय जलद धडधडते, स्नायू ताठ होतात. धोका टळल्यावर ही अवस्था बहुधा ओसरते. परंतु काहींच्या बाबतीत ती वारंवार परत येते. धुराचा वास, मोठा आवाज किंवा कोणी एकाएकी धरलेला हात एवढेही त्यास पुरेसे होते. मग रुग्ण किंचाळतो अथवा मुका होतो, आणि पाहणारे त्यास हट्टी म्हणतात. वस्तुतः ते भयाचे लक्षण होय. त्याच क्षणी चार जणांनी त्यास दाबून धरले, तर उपचार हाच दुसरा आघात ठरतो.

बंगळूरचा अनुभव

७ फेब्रुवारी १९८१ रोजी बंगळुरात एका सर्कशीच्या तंबूस आग लागून ९० हून अधिक माणसे मरण पावली. त्यांत मुले पुष्कळ होती. या दुर्घटनेचा वाचलेल्यांच्या व शोकग्रस्त कुटुंबांच्या मनावर काय परिणाम झाला, याची पाहणी तेथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी केली. पुढे १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर तेथील सामान्य डॉक्टरांना मानसिक व्यथा ओळखण्याचे शिक्षण देण्यातही या संस्थेचा वाटा होता. आघातग्रस्ताची शुश्रूषा केवळ मनोविकारतज्ज्ञांनीच करावयाची नसते, हा त्यातील बोध आहे.

शुश्रूषेची रीत

ही रीत खर्चिक नाही. स्पर्श करण्यापूर्वी सांगावे व होकार मिळण्याची वाट पाहावी. दार दिसेल अशा जागी रुग्णास बसू द्यावे. घडलेला प्रसंग सांगण्याची सक्ती करू नये. चाकांची खुर्ची हे तिच्यावर बसणाऱ्याचे पाय होत. न विचारता ती ढकलू नये. अंध व्यक्तीस ओढून न नेता आपला हात धरावयास द्यावा. बधिर व्यक्तीसाठी खुणांची भाषा जाणणारा दुभाषी असावा. नातेवाइकालाच नेहमी दुभाषी करणे धोक्याचे असते. कारण गाऱ्हाणे घरातीलच कोणाविषयी असेल, तर ते डॉक्टरांच्या कानी पोहोचणार नाही.

कायद्याचे पाठबळ

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयगृहास आग लागली. तेथील मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण दगावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली. संमती घेण्यापूर्वी उपचाराची माहिती रुग्णास समजेल अशा भाषेत व रीतीने द्यावी, असेही हा कायदा सांगतो. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत मानसिक साहाय्य मिळते. आरंभी उल्लेखिलेल्या वृद्धेस दूरध्वनीवरचे बोलणे नीट ऐकू येणार नाही. तिच्यासाठी कोणीतरी समोर बसून, तोंड तिच्याकडे करून, सावकाश मराठीत बोलले पाहिजे. तिच्या उपचाराचा प्रारंभ तेथूनच होतो.