त्या पाटीवर एक शब्द नव्हता

कीव्हला जायचा कधी योग आलाच, तर मेट्रोने दोरोहोझिची स्टेशनला उतरा. बाहेर आलात की पार्क. झाडं, बाकं, बाबागाड्या ढकलणारे आईबाप. याच जागेचं नाव बाबी यार. 'यार' म्हणजे आपला यार नव्हे हं, तिकडे यार म्हणजे घळ. पण घळ आता शोधावी लागते.

सप्टेंबर १९४१. जर्मन सैन्य शहरात घुसून जेमतेम दहा दिवस झालेले. भिंतींवर नोटिसा लागल्या: सगळ्या ज्यूंनी २९ तारखेला सकाळी आठला ठरलेल्या कोपऱ्यावर जमावं. कागदपत्रं, पैसे, गरम कपडे सोबत घ्यावेत. येणार नाही त्याला गोळी. बऱ्याच जणांना वाटलं, दुसऱ्या गावी हलवताहेत. म्हातारीकोतारी, लेकरं, गाठोडी घेऊन माणसं निघाली. दोन दिवसांत ३३,७७१ जणांना घळीत गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांनीच बर्लिनला कळवलेला आहे. पुढची दोन वर्षं तिथे रोमा, सोव्हिएत युद्धकैदी, मनोरुग्णालयातले पेशंट मारले जात राहिले. माघार घेण्याआधी, १९४३ मध्ये, जर्मनांनी कैद्यांना जुंपून प्रेतं उकरली आणि जाळली.

युद्धानंतर तरी स्मारक झालं असेल ना? छे. सोव्हिएत प्रशासनाने घळच बुजवायला घेतली. वीटभट्ट्यांचा चिखल वर्षानुवर्षं तिच्यात सोडला. १३ मार्च १९६१ ला बांध फुटला आणि तो चिखल खालच्या कुरेनिव्का वस्तीत शिरला. सरकारी आकड्यानुसार १४५ माणसं गेली. खरा आकडा याहून बराच मोठा असावा, असं मानलं जातं.

त्याच वर्षी येव्गेनी येव्तुशेंको या तरुण कवीने बाबी यारवर कविता लिहिली. शोस्ताकोविचने ती आपल्या तेराव्या सिंफनीत घेतली. सरकार वैतागलं, पण विषय आता झाकला जाणार नव्हता.

शेवटी १९७६ मध्ये स्मारक उभं राहिलं. भलंमोठं, ब्राँझचं. पाटीवर काय, तर इथे 'कीव्हचे नागरिक आणि युद्धकैदी' मारले गेले. 'ज्यू' हा शब्दच नाही! आता बघा, यात खोटं असं काही नाही. मेलेले नागरिकच होते. पण भिंतीवरची ती नोटीस 'नागरिकांनो, या' अशी नव्हती. मारताना ज्या नावाने बोलावलं, तेच नाव आठवण काढताना गाळलं.

ज्यूंसाठीचं मेनोरा, म्हणजे सात फांद्यांच्या दीपस्तंभाचं स्मारक, थेट १९९१ मध्ये आलं. मारल्या गेलेल्या मुलांसाठीचं २००१ मध्ये. रोमांची धातूची गाडी तर २०१६ मध्ये. २०२१ मध्ये पुस्तकासारखं उघडणारं एक लाकडी सिनेगॉग बांधलं गेलं. त्याच्या पुढच्याच वर्षी, १ मार्चला, शेजारच्या टीव्ही टॉवरवर रशियन क्षेपणास्त्रं पडली. पुन्हा तिथे माणसं मेली.