ज्या शहराचे नावच बाजार

फिलिपाईन्सच्या नकाशात अगदी खाली, मिंडानाओ आणि बोर्निओ या दोन मोठ्या बेटांच्या मध्ये, लहान बेटांची एक माळ दिसते. हा सुलू प्रांत. त्याच्या राजधानीचे नाव जोलो असे लिहितात, पण स्पॅनिश वळणाने उच्चार होतो होलो. तिथले ताउसुग मुसलमान मात्र आपल्या शहराला 'तियांगी' म्हणतात. शब्द मूळचा मेक्सिकोचा, स्पॅनिश लोकांबरोबर पॅसिफिक महासागर ओलांडून आलेला. अर्थ अगदी साधा : बाजार.

2020 च्या जनगणनेत या शहराची वस्ती सुमारे 1 लाख 37 हजार भरली. शहराचे आठ विभाग आहेत. त्यातील एकाचे नाव 'चायनीज पिअर', म्हणजे चिनी धक्का. दुसऱ्याचे 'वॉल्ड सिटी', म्हणजे तटबंदीतले शहर. तिसऱ्याचे 'तुलाय', म्हणजे पूल. शहराची मोठी मशीद या तुलायमध्येच आहे. एवढी तीन नावे वाचली तरी शहराचा निम्मा इतिहास कळतो.

ताउसुग म्हणजे समुद्राच्या प्रवाहावरचे लोक. चौदाव्या शतकात करीमुल मखदूम नावाचे धर्मोपदेशक या बेटांत आले असे सांगतात. पंधराव्या शतकात शरीफुल हाशिम यांनी इथे सल्तनत उभी केली. त्यांची भाषा जुन्या काळी अरबी अक्षरांत लिहिली जाई. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला ती अक्षरे लागतील, अर्थ लागणार नाही. मात्र ढगळ विजारीला ते 'सव्वाल' म्हणतात, हे ऐकून कोणालाही सलवार आठवेल.

आता धंद्याचे बोलू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांना चीनचा चहा हवा होता आणि त्यासाठी मोजायला चांदी कमी पडत होती. चिन्यांना काय हवे होते? सुलूच्या समुद्रातले मोती आणि मोत्यांचे शिंपले, सूप करण्यासाठी समुद्रकाकडी नावाचा वाळवलेला जीव, आणि पाकोळ्यांची खाण्याची घरटी. हा माल होलोत मिळे. तेव्हा कलकत्ता आणि मद्रासकडची गलबते हिंदुस्थानी सुती कापड, अफू, बंदुका आणि दारूगोळा भरून होलोला येत, तिथून चिनी बाजाराचा माल उचलत आणि कँटनला जात. ईस्ट इंडिया कंपनीच्या अलेक्झांडर डालरिंपल याने 1761 मध्ये सुलूच्या सुलतानाशी व्यापाराचा करार केला होता. आपल्या विणकराच्या मागावरचे कापड त्या काळी चहाच्या पेटीची किंमत चुकवत होते, हे कापडाच्या धंद्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

सुलूचे सरदार, ज्यांना दातू म्हणतात, ते हे कापड आणि तांदूळ किनाऱ्यावरच्या लोकांना उचल म्हणून देत आणि हंगामात शिंपले, समुद्रकाकडी घेऊन हिशेब वळता करत. ही उधारीची पद्धत आपल्या बाजारात कोणाला नवी वाटणार नाही. पण पुढची गोष्टही लिहिली पाहिजे. मागणी वाढली तसे पाण्यात बुडी मारणारे हात कमी पडू लागले. मग फिलिपाईन्सच्या इतर बेटांवर छापे घालून माणसे पकडून आणली गेली आणि गुलाम म्हणून कामाला लावली गेली. होलोच्या भरभराटीत या माणसांचा घाम आहे. काही लेखक त्या काळाचे फक्त गुणगान करतात, ते आम्हाला पटत नाही.

स्पेनने 1638 मध्ये होलो जिंकले होते, पण 1646 मध्ये सोडले. 1876 मध्ये ते वाफेच्या बोटी घेऊन परत आले आणि या खेपेला राहिले. सुलतान दक्षिण किनाऱ्यावरच्या मायम्बुंगला गेला. स्पॅनिश लोकांनी दलदल भरून, सरळ रस्ते आखून, भोवती भिंत घातली. तेच ते वॉल्ड सिटी. भिंतीच्या आत सैन्य आणि दुकाने, बाहेर ताउसुग. पुढे अमेरिकन आले. मार्च 1906 मध्ये शहराजवळच्या बुद दाजो या ज्वालामुखीच्या माथ्यावर आसरा घेतलेल्या स्त्री-पुरुष-मुलांवर त्यांनी तोफा चालवल्या. सहाशेहून अधिक लोक मेले. त्या लोकांच्या तक्रारींत डोईपट्टीचा कर ही एक मोठी तक्रार होती. 1915 मध्ये सुलतानाने राज्यकारभाराचे हक्क सोडले.

पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर भिंतीपेक्षा जास्त नुकसान एका रेघेने केले. 1885 च्या करारात स्पेन, ब्रिटन आणि जर्मनी यांनी सुलू स्पेनकडे आणि समोरचा उत्तर बोर्निओ ब्रिटिशांकडे अशी वाटणी मान्य केली. काल ज्या पाण्यातून माल नेणारा व्यापारी होता, तोच पुढे चोरटा व्यापारी ठरू लागला. बोट तीच, माल तोच, गिऱ्हाईक बहुधा आपलाच नातेवाईक. 1973 मध्ये फिलिपाईन्स सरकारने सुलू भागातल्या या व्यवहाराला 'बार्टर ट्रेड', म्हणजे अदलाबदलीचा व्यापार, या नावाने कायद्याची मान्यता दिली. नाव अदलाबदलीचे, पण व्यवहार बराचसा रोखीचा. मलेशिया-इंडोनेशियाचे बाटिक, लुंग्या, बिस्किटे, साखर, तेल या वाटेने येत असे.

मान्यता मिळून एक वर्ष होते न होते तोच फेब्रुवारी 1974 मध्ये मोरो नॅशनल लिबरेशन फ्रंटचे बंडखोर आणि सरकारी फौज यांच्या लढाईत होलो जळाले. दोन-तीन दिवसांत शहराचा मोठा भाग राख झाला. चिनी दुकानदारांची कित्येक घराणी आणि हजारो ताउसुग कुटुंबे उठून झाम्बोआंगाला गेली. बार्टरची मोठी पेठही तिकडेच जमली. इमारत पुन्हा बांधता येते. गेलेली पत आणि गेलेला गिऱ्हाईक परत आणणे फार अवघड. 2016 मध्ये अपहरणांच्या भीतीने मलेशियाच्या साबा राज्याने हा व्यापार काही महिने बंद ठेवला, तेव्हा या बेटांवर तांदूळ महागला.

आता त्या कारागिरीबद्दल, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. ताउसुग पुरुष डोक्याला बांधतात किंवा खांद्यावर टाकतात त्या चौकोनी रुमालाला 'पिस स्याबित' म्हणतात. तो बायका विणतात, कमरेच्या मागावर. ताण्याचे एक टोक खांबाला, दुसरे विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ होतो. बाणा काठापासून काठापर्यंत एका दमात जात नाही. प्रत्येक रंगाच्या ठिकाणापुरताच तो रंग हाताने घालायचा, तिथेच वळवायचा, शेजारचा रंग पुढे घ्यायचा. पैठणीचा पदर ज्यांनी येवल्याला विणताना पाहिला असेल त्यांना हे लगेच समजेल. तिथेही रंगागणिक वेगळी कांडी चालते. फरक असा की पैठणीत मोर-पोपट आणि वेलबुट्टी येते, इथे सगळे चौकोन, शंकरपाळे आणि आकडे. कागदावर नक्षी काढलेली नसते. ती आईकडून मुलीकडे डोक्यातून जाते. एक रुमाल पुरा व्हायला महिने लागतात.

होलो बेटावरच्या परांग गावच्या दाराता सवाबी या विणकर बाईंना 2004 मध्ये फिलिपाईन्स सरकारने लोककलावंतांचा सर्वोच्च राष्ट्रीय किताब दिला. लढाईमुळे त्यांच्या घराला गाव सोडून पळावे लागले होते. परतल्यावर त्यांनी माग लावला आणि गावच्या मुलींना शिकवत राहिल्या. 2005 मध्ये त्यांचे निधन झाले. कमरेचा माग गुंडाळला की काखेत मावतो, म्हणून जळत्या गावातूनही नेता येतो. होलोतून दातूंची गलबते, मोत्यांचा बाजार आणि चिनी पेढ्या गेल्या. हे काम टिकले.

आज हीच नक्षी छापील कापडावर स्वस्तात मिळते. आमच्या मते सरकारी किताबांपेक्षा बाईच्या हाताला मजुरी किती पडते हे पाहायला हवे. पारख करायची तर रुमाल उलटा करावा. विणलेल्या पिसात रंग उलट बाजूलाही तसाच दिसतो; छापलेल्यात मागे फिका पडतो.

अबू सय्याफच्या काळात शहराचे नाव बातम्यांत फक्त वाईट कारणांनी आले. जानेवारी 2019 मध्ये चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, ऑगस्ट 2020 मध्ये पुन्हा शहराच्या मध्यवस्तीत. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने प्रांत अबू सय्याफपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुलूला मुस्लिम स्वायत्त प्रदेशातून वगळले, कारण 2019 च्या मतदानात प्रांताने नकार दिला होता. त्याआधी, 2018 मध्ये, बार्टरच्या अधिकृत बंदरांत होलोचे नाव पुन्हा घातले गेले होते.

झाम्बोआंगाहून रात्रीची बोट सकाळी होलोला लागते. धक्क्यावरून उतरलेला माणूस कॉफीच्या दुकानात जातो. कॉफी याच बेटावर पिकलेली, नाव 'कहावा सुग'. न मागता टेबलावर गोड-तिखट खाण्याच्या बशा येतात. जेवढे खाल तेवढ्याचे पैसे, उरलेले परत. मालक शेवटी रिकाम्या बशा मोजतो.