कोंबड्यांचे जंत : औषध पाजण्याआधी खुराडं बघा



पाऊस लागला की शहापूर-मुरबाडच्या गावांतून एकच तक्रार येते. कोंबड्या दाणा खातात पण अंगाला लागत नाही, तुरा फिका पडलाय, अंडी कमी झालीत. बहुतेक वेळा पोटात जंत असतात. गटारीला गावठी कोंबड्याला भाव चांगला मिळतो, पण जंताचा कोंबडा काट्यावर हलका भरतो. म्हणजे दाण्याचे पैसे जंतांनी खाल्ले.

मोठ्या पांढऱ्या गोल जंताची (शेवयीसारखा दिसतो, बोटाएवढा लांब) अंडी शिटेतून जमिनीवर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन आठवड्यांत ती लागण करण्याजोगी होतात. कोंबडी तिथेच टोचते. पुढे पाच ते आठ आठवड्यांत तिच्या पोटातले जंत पुन्हा अंडी घालू लागतात. ओल्या सावलीत ही अंडी कित्येक महिने टिकतात, कडक उन्हात आणि कोरड्यात मरतात. म्हणून आज औषध पाजलं आणि कोंबड्या परत त्याच ओल्या खुराड्यात कोंडल्या, तर दोन महिन्यांत गाडी मूळ पदावर.

तेव्हा औषधाच्या दिवशीच खुराडं खरवडा. जुना तूस लांब खड्ड्यात टाका, कोरडा तूस पसरा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, सांडपाणी आत येऊ देऊ नका. पिल्लं मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवा, लहानांना जंत जास्त बाधतात.

शिटेत तांदळाच्या कण्यांसारखे तुकडे दिसले तर तो चपटा जंत. तो मुंग्या, माश्या, शेणकिडे खाल्ल्याने होतो. पिपराझिन गोल जंतावर चालतं, चपट्यावर नाही. दुकानदार देईल ते किंवा शेळीचं उरलेलं औषध अंदाजाने पाजू नका. पाच-सहा ठिकाणची सकाळची ताजी शीट स्वच्छ पिशवीत घ्या, त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. सूक्ष्मदर्शकाखाली जंताची अंडी दिसतात, मग औषध नेमकं देता येतं. औषधानंतर अंडी-मांस किती दिवस विकायचं नाही, तेही डॉक्टरांना विचारा. गटारीच्या आदल्या आठवड्यात घाईने औषध पाजून माल विकणं बरोबर नाही.

रक्ती हगवण मात्र वेगळी. ती जंताने होत नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीने होते. ओल्या तुसात तो एक-दोन दिवसांत तयार होतो. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून गोळा होऊन बसली, शिटेत रक्त दिसलं, तर उद्यावर ढकलू नका. जंताच्या औषधाचा इथे उपयोग नाही. अँप्रोलियमसारखं औषध पाण्यातून लागतं, मात्रा डॉक्टर सांगतील. ब्रॉयलर शेडवाल्यांनी निपल गळतात का ते रोज बघा, ओला झालेला तूस लगेच काढा.

आणि जंत हळूहळू खंगवतात. एका-दोन दिवसांत पाच-दहा कोंबड्या पटापट मेल्या तर जंत समजून बसू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला कोंबड्या अशाच मेल्या, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशी मर दिसली तर मेलेली कोंबडी कापून बघू नका, ओढ्यात टाकू नका, उरलेल्या विकू नका. आधी दवाखान्यात कळवा, मग आपल्या गावच्या गटप्रमुखाला सांगा.