एवढ्या घट्ट जेलमधून आवाज जातो कसा?

आमची ताई परवा सोनोग्राफी करून आली. आल्या आल्या मला म्हणाली, "पोटावर ते गार, बुळबुळीत जेल थापतात ना, एवढ्या घट्ट गोष्टीतून आवाज जातो तरी कसा रे?" तेव्हा मी नुसतंच "जातो गं" म्हणालो. आज नीट सांगतो.

आधी जेल कशाला, ते पटकन. प्रोब सेकंदाला २० लाखांहून जास्त कंपनं सोडतो. प्रोब आणि त्वचेमध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी ९९ टक्क्यांहून जास्त ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. स्क्रीन काळी! बाळाचे ठोके दिसणार कुठून?

मग साधं पाणी लावलं तर? ध्वनीला चालेल, पण ते ओघळून जातं. म्हणून पाण्यात कार्बोमर हा पॉलिमर घालतात. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या पाण्यात फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. भिजलेला सब्जा आठवा, त्याच्याभोवतीचा बुळबुळीत थर असाच. शंभर ग्रॅम जेलला एखादा ग्रॅम कार्बोमरसुद्धा पुरतो. बाकी जवळजवळ सगळं पाणीच!

आता खरी गंमत. आपल्याला वाटतं, घट्ट म्हणजे आवाज रखडणार. पण ध्वनी जाताना पाणी वाहत नाही, ते जागच्या जागी दबतं आणि सुटतं. वेग ठरतो तो पदार्थ किती दबतो आणि त्याची घनता किती, यावर. साखळ्यांच्या मधलं पाणी साध्या पाण्याइतकंच दबतं. त्यामुळे २५ अंशाला पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर, आणि जेलमध्येही त्याच्याच आसपास. शरीरासाठी मशीन १५४० धरतं. म्हणजे जेलमधून शरीरात शिरताना ध्वनीला फारसा धक्काच बसत नाही. (हवेत? जेमतेम ३४६.)

फरक अगदीच नसतो असंही नाही हं. साखळीला चिकटलेलं पाणी जरा कमी दबतं, त्यामुळे पॉलिमर वाढवला की वेग सहसा थोडा वाढतो. पॉलिमर किती पाणी धरून बसलाय, याचा अंदाज संशोधक या फरकावरून घेतात.

खरा शत्रू घट्टपणा नाही, बुडबुडा आहे. हवा पाण्यापेक्षा हजारो पट सहज दबते, म्हणून जेलमध्ये बुडबुडे अडकले की ध्वनी तिथे विखुरतो.

ताईचा पुढचा प्रश्न, "मग ते गार कशाला?" अगं, ते खोलीच्याच तापमानाचं असतं, अंगाला गार लागतं. काही ठिकाणी कोमट करून देतात. पुढच्या वेळी विचार की!